दर हिवाळ्यात बसणारं नायट्रो इंजिन : बदली इंजिन निवडण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुधा एवढीच असते : "इंजिन बसलं." आणि ती येते दिवाळीनंतर, संक्रांतीच्या आगेमागे. उन्हाळ्यात वावरात, पांदणीवर झकास पळणारा रिमोटचा नायट्रो ट्रक (मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारा छोटा मॉडेल ट्रक) जानेवारीत अर्धी टाकी चालतो, तापतो, ब्रेक मारला की बंद पडतो आणि गार झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. पुढे पुढे दोरी ओढताना हाताला काही लागतच नाही. मग नवं इंजिन मागवलं जातं, ते पुढच्या थंडीपर्यंत टिकतं आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

लागोपाठ दोन इंजिनं एकाच तऱ्हेने गेली असतील, तर तिसरं कोणत्या कंपनीचं घ्यावं हा प्रश्न नंतरचा. पहिली दोन कशाने गेली ते कळल्याशिवाय तिसऱ्यावर पैसे घालू नका. आपल्या विदर्भात कारणं साधारण तीनच असतात : फुफाटा, थंडीत न फिरवलेली सुई (कार्ब्युरेटरवरचा, इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) आणि पावसाळ्यात गंजलेलं बेअरिंग. चौथं कारण म्हणजे इंजिन मुळात गेलेलंच नसतं. सुरुवात तिथूनच करू.

इंजिन खरंच गेलं का?

आधी ग्लो प्लग (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) बदला. नवा प्लग म्हणजे इंजिनाच्या किमतीपुढे चिल्लर. प्लगला लावायच्या इग्नायटरची बॅटरी भरलेली आहे ना, तेही बघा. चार महिने फळीवर पडून राहिलेला इग्नायटर प्लगची तार लालभडक करत नाही, नुसती कोमट करतो, आणि लोक दोरी ओढून ओढून स्टार्टरची वाट लावतात. दोरी एकदम अडकली, ओढलीच जात नाही, तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये इंधन भरलंय. प्लग काढा, ट्रक उलटा धरा, दोरी दोनचारदा ओढा, इंधन बाहेर पडेल.

मग क्लच बघा, कारण "ब्रेक मारला की बंद" हे लक्षण क्लचही हुबेहूब दाखवतो. क्लचची स्प्रिंग तुटली किंवा क्लच बेलचं (क्लचवर बसणाऱ्या, गिअर असलेल्या वाटीचं) बेअरिंग जाम झालं, तर इंजिन मंद चालत असतानाही चाकांना ओढत राहतं. अशा वेळी ब्रेक दाबला की इंजिनाचाच गळा दाबला जातो. ट्रक उचलून धरा, इंजिन बंद असताना चाकं हाताने फिरवा. अडखळत असतील, ब्रेक घासत असेल, गिअरचे दाते एकमेकांत फार घट्ट रुतले असतील, तर इंजिन तापणारच. दात्यांमधलं अंतर लावायला वहीच्या कागदाची पट्टी मधे घालून गिअर दाबून बसवायचे आणि पट्टी काढून घ्यायची. ही जुनी पद्धत आजही चालते.

तिसरी गोष्ट हवेची गळती. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच खाली येत नाही, काही क्षण वरच लोंबकळतो, किंवा टाकी अर्धी झाली की सगळं सेटिंग बदलल्यासारखं वाटतं. तेव्हा कुठून तरी फालतू हवा आत शिरते आहे असं धरा. टाकी काढून एक नळी बोटाने बंद करा, दुसरीतून फुंका आणि टाकी बादलीत बुडवा. झाकणाच्या रबरापाशी बुडबुडे आले तर चोर सापडला. इंधनाच्या नळीला डोळ्याला न दिसणारं भोक असू शकतं, कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेली ओ-रिंग कडक झालेली असू शकते. हे सगळं काही रुपयांत निस्तरतं.

एवढं करूनही लक्षण तसंच राहिलं, तर कंप्रेशन बघा. इंजिन गार असताना फ्लायव्हील बोटांनी सावकाश फिरवा. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) पितळेची आणि तिला आतून क्रोमचा थर. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद केलेली असते, कारण चालताना वरचा भाग जास्त तापतो, जास्त फुगतो आणि मगच पिस्टनशी बरोबर जमतो. म्हणून नवं इंजिन गार असताना पिस्टन वर पोचला की चक्क अडकतो. झिजलेल्यात तो अडकत नाही, लोण्यातून सुरी जावी तसा पार होतो. प्लगच्या भोकातून तीनचार थेंब तेल टाका, प्लग परत लावून पुन्हा फिरवा. तेल टाकल्यावर अडकण परत आली, तर पिस्टन आणि स्लीव्ह झिजली हे नक्की. गार असताना चालतं आणि तापल्यावर बंद पडतं, त्याचं कारणही हेच. तापल्यावर स्लीव्ह फुगते, झिजलेल्या पिस्टनभोवती फट पडते.

कशाने गेलं?

इंजिन उघडा. मागचं झाकण आणि वरचं हेड काढलं की पुरे. मुठीएवढं यंत्र आहे, फवारणी पंपाचं इंजिन खोलणाऱ्याला हे अवघड नाही. फक्त एलन पाने चांगले वापरा, स्क्रूची डोकी घासून गेली तर मग लेथवाल्याकडे चकरा.

पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे आणि तो राखाडी, निस्तेज झालेला दिसला, तर धूळ आत गेली. आपली काळी माती ओली असताना बुटाला चिकटते आणि उन्हाळवाहीनंतर वाळली की तिचा पिठासारखा फुफाटा होतो. मुरमाची धूळ त्याहून खरखरीत. नायट्रो ट्रक चाकांनी ती उडवतो आणि स्वतःच्याच ढगात श्वास घेतो. फिल्टरचा स्पंज कोरडा असेल तर धूळ सरळ आत. स्पंज दोन थरांचा हवा आणि तो फिल्टरच्या चिकट तेलाने भिजवून पिळलेला हवा. मोटारसायकलच्या स्पंज फिल्टरसाठी मिळतं तेच तेल चालतं. साधं इंजिन ऑइल टाकलं तर ते रात्रभरात निथळून तळाशी जमा होतं आणि वरचा अर्धा स्पंज कोरडाच राहतो. स्पंज धुवायला कोमट पाणी आणि कपड्याचा साबण, पेट्रोल नको, कारण थर चिकटवलेला गोंद सुटतो.

तरी बहुतेक धूळ स्पंजातून जातच नाही. ती जाते फिल्टरचं रबर आणि कार्ब्युरेटरची मान यांच्यामधल्या फटीतून. रबर मानेवर बसवून त्याभोवती प्लास्टिकचा टाय ओढून घट्ट करा. फिल्टर काढल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडात आतून बोट फिरवा. बोटाला करकर लागली तर फिल्टर वर कितीही स्वच्छ दिसो, काम होत नाहीये.

कापसाच्या पट्ट्यात आणखी एक भर पडते. हिंगणघाट, आर्वी, वणी, पांढरकवडा या बाजूला हंगामात जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. ते फिल्टरवर थापले जातात आणि हेडला गार ठेवणाऱ्या पात्यांमध्ये अडकून बसतात. फिल्टरवर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून बांधा, खेळून झालं की झटकून टाका. आणि जिनिंगच्या आवारात, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ किंवा कुटाराशेजारी हा ट्रक चालवूच नका. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. आग लागल्याचं कळतं तेव्हा ढीग पेटलेला असतो.

पिस्टनवर ओरखडे नाहीत, पण प्लगची तार पांढुरकी, वाकडी किंवा गायब, आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बुशीला खेळ आला असेल, तर धूळ नव्हे, सुई. आपल्याकडच्या हिवाळी मृत्यूंचा खरा गुन्हेगार माझ्या मते हाच आहे, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

हिशोब साधा आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, त्याच सुईवर मिश्रण रिच होतं, म्हणजे इंधन जास्त पडतं. ट्रक सुस्तावतो. पोरं हाय स्पीडची सुई आवळतात, इंधन कमी करतात, ट्रक पुन्हा उसळतो. तोवर बरोबरच आहे. मग पावसाळाभर ट्रक टिनाच्या शेडमध्ये. डिसेंबर-जानेवारीत सकाळी १० अंशांच्या थंडीत तोच ट्रक त्याच सुईवर सुरू होतो. ४५ अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांच्या हवेत एकाच घशात साधारण १२ टक्के जास्त हवा मावते. हवा वाढली, इंधन तेवढंच. मिश्रण लीन झालं.

पेट्रोलच्या गाडीत लीन म्हणजे थोडे झटके आणि ताप. इथे गोष्ट वेगळी, कारण या इंजिनाचं वंगण इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन कमी म्हणजे तेल कमी. आणि फसवणूक अशी की लीन इंजिन सुरुवातीला सर्वात जोरात पळतं. थंडीत ट्रक कसा भन्नाट पळतोय म्हणून सगळे खूश असतात, तेव्हाच रॉडची बुश कोरडी चालत असते.

उपाय फुकट आहे. थंडी सुरू झाली की पहिल्यांदा ट्रक काढताना हाय स्पीड सुई पाव फेरा उघडा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. धुराची रेघ स्पष्ट दिसायला हवी. मग एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, याहून जास्त नाही, अशी आवळत आणा. फिरवण्याआधी सुई पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून कागदावर लिहा आणि तो कागद ट्रकच्या पेटीत ठेवा. उन्हाळ्याचा आकडा वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. चिखलदऱ्याला नेणार असाल तर तिसरा. तिथे हवा उंचीमुळे विरळ, त्यामुळे इंजिन रिच होतं. तो निदान धोका नाही.

तापमान मोजायला इन्फ्रारेड बंदूक घ्या. करोनाच्या काळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक इथे उपयोगाची नाही, ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. कारखान्यात वापरतात ती हवी. प्लगच्या बुडाशी १०० ते १२५ अंश सेल्सिअस असलं की ठीक. बंदूक नसेल तर हेडवर पाण्याचा एक थेंब टाका. तीनचार सेकंद चरचरत उडाला तर बरं, टाकताक्षणी उडाला तर इंजिन फार तापलंय, नुसता बसून राहिला तर रिच आहे. हिवाळ्यात मात्र एका गोष्टीने फसू नका : थंड वाऱ्याने हेड गार दिसतं आणि आत मिश्रण लीन असू शकतं. थंडीत आकड्यापेक्षा धुरावर आणि प्लगच्या तारेवर जास्त भरवसा ठेवा. तार राखाडी आणि ओलसर असावी.

तिसरं कारण गंज. खेळून झाल्यावर टाकीत आणि इंजिनात इंधन तसंच राहिलं की मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आषाढ-श्रावणात हवेत पाण्याला तोटा नसतो. शिवाय नायट्रोमिथेन जळल्यावर उरणारा अंश आम्लधर्मी असतो. मागचं बेअरिंग तांबूस झालं, फिरवताना खरखरलं, तर तेच. बंद करण्याआधी नळी काढून इंजिनाला उरलेलं सगळं इंधन पिऊ द्या, मग प्लग काढून दोनतीन थेंब हलकं मशीन ऑइल टाका आणि फ्लायव्हील फिरवा.

आता निवड

गंजच असेल तर अख्खं इंजिन घेऊ नका, बेअरिंगं बदला. बऱ्याच .२१ (म्हणजे ०.२१ घन इंचाच्या) इंजिनांचं पुढचं बेअरिंग ७ × १९ × ६ मापाचं, म्हणजे ६०७ नंबरचं असतं. ते नागपूरच काय, तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानातही मिळू शकतं. मागचं बहुधा १४ × २५.४ × ६ असतं. हे माप बाजारात मिळत नाही, आरसी (रिमोट कंट्रोल) सामानाच्या दुकानातूनच मागवावं लागतं. नुसती पिस्टन-स्लीव्ह गेली आणि रॉड, बेअरिंग, शाफ्ट ठीक असेल, तर पिस्टन, स्लीव्ह आणि रॉडचा संच मिळतो का बघा. मात्र पिस्टन आणि स्लीव्ह जोडीनेच घ्यायची, एकाची दुसऱ्यात बसवायची नाही. संचाची किंमत नव्या इंजिनाच्या निम्म्यावर गेली, तर मी नवं इंजिनच घेईन.

नवं घ्यायचं ठरलं की पहिला मोह येतो तो मोठ्या इंजिनाचा. "दादा, मोठं इंजिन टाकलं त जास्त टिकन ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर तोंडपाठ झालंय : नाही टिकणार बापा, उलट बाकीचं मोडन. क्लच, गिअर, डिफरन्शियल, शाफ्ट हे सगळं जुन्या इंजिनाच्या ताकदीसाठी बनवलेलं असतं. .१८च्या ट्रकात .२८ कोंबलं तर दर आठवड्याला डिफरन्शियल उघडायची तयारी ठेवा. शिवाय टाकी तीच राहते, इंधन मात्र झपाट्याने संपतं.

हे आकडे घन इंचात असतात. .१२ म्हणजे साधारण २ सीसी, .१५ म्हणजे २.५, .२१ म्हणजे साडेतीनच्या आसपास, .२८ म्हणजे ४.६. नावावर जाऊ नका, सीसी बघा. आपल्याकडे बऱ्याच स्वस्त १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढ्या) ट्रकांत येणारं व्हीएक्स १८ हे नावाने .१८ असलं तरी २.७४ सीसीचं आहे. ट्रॅक्ससच्या टी-मॅक्स आणि रेव्होत ३.३ सीसी, एचपीआयच्या सॅव्हेज एक्समध्ये ४.६. मूळ इंजिनाएवढंच किंवा त्याच गटातलं घ्या.

त्यानंतरचं सगळं माप घेण्याचं काम आहे, आणि बहुतेक पैसे इथेच वाया जातात. जुनं इंजिन टेबलावर ठेवा, व्हर्नियर घ्या. खाली बसवायच्या चार भोकांमधलं अंतर, लांबीचं आणि रुंदीचं. क्रँकशाफ्टच्या केंद्रापासून बूड किती खाली आहे ती उंची; ही चुकली तर क्लचचा गिअर मोठ्या गिअरशी जमत नाही. मग शाफ्टचं टोक. एसजी शाफ्ट म्हणतात त्याला बाहेरून फ्लायव्हीलच्या नटासाठी आटे असतात आणि टोकाला आतून भोक पाडून आटे, ज्यात क्लच बेलचा स्क्रू बसतो. दुसऱ्या जातीला लांबलचक बाहेरचे आटे असतात. दोन्हींचे क्लच सहसा एकमेकांना बसत नाहीत. फोटोत हे टोक दिसत नसेल तर दुकानदाराकडून टोकाचा फोटो मागवा, "सेम आहे भाऊ" यावर जाऊ नका.

सायलेन्सर मागून निघतो की बाजूने, हे बघा. कार्ब्युरेटर सरकणारा आहे की फिरणारा, तेही. एकात सर्व्होची (रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरची) सळई सरळ ओढते, दुसऱ्यात दांडी गोल फिरते, त्यामुळे जोडणी नव्याने करावी लागते. स्टार्टरचंही तसंच. ट्रॅक्ससमध्ये बॅटरीवर फिरणारा स्टार्टर मागच्या झाकणावर असतो, त्या जागी दोरीवालं इंजिन घेतलं तर चालू होईल, पण जुना स्टार्टर पडून राहील. प्लग साधा लागतो की टर्बो, हे हेडवर ठरतं, आणि ते दोन एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे प्लग पार्सलनेच येतो, मी साध्या प्लगचं इंजिन पसंत करतो. महागड्या जपानी रेसिंग इंजिनांपेक्षा ज्याचे पिस्टन-संच, रॉड, गॅस्केट देशात सहज मिळतात ते इंजिन घ्या. फुफाट्यात पिस्टन कोणाचाही झिजतो, प्रश्न फक्त तो कोणाचा मिळतो हा.

इंजिनासोबत मागवायच्या वस्तू : दोन जादा प्लग, फिल्टरचे स्पंज, कार्ब्युरेटरची ओ-रिंग, इंधनाची नळी, फ्लायव्हीलचं कोलेट (फ्लायव्हील शाफ्टवर घट्ट बसवणारी निमुळती कडी). एकाच पार्सलमध्ये.

इंधन आणि पहिले तास

फवारणी पंपाचं पेट्रोल-ऑइल मिश्रण यात चालत नाही. ग्लो प्लगची तार पेटती राहते ती प्लॅटिनम आणि मिथेनॉल यांच्यातल्या क्रियेमुळे, पेट्रोलवर ते होत नाही. १६ ते २५ टक्के नायट्रोचं गाडीचं तयार इंधन घ्या. ते ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या टपालाने येत नाही, रस्त्याने यायला वेळ लागतो, म्हणून हंगामाआधीच मागवा. डबा कुलपात. वास दारूसारखा, आणि मिथेनॉलचे थोडे घोटही माणसाला आंधळं करतात, जिवानिशी घेतात. वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यात तर बिनलेबलची बाटली कधीच ठेवू नका.

नवं इंजिन जानेवारीत आलं तर पहाटे दोरी ओढू नका. गार स्लीव्ह पिस्टनला वर घट्ट पकडते आणि सगळा ताण रॉडवर येतो. लाइन असेल तर हेअर ड्रायरने, नाहीतर गरम पाण्याच्या पिशवीने हेड चांगलं तापवा, मगच सुरू करा. सुई रिच ठेवा, धूर भरपूर हवा. हेडला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, म्हणजे थंडीतही तापमान ९० ते १०० अंशांवर राहील; मे महिन्यात फॉइलची गरज नाही. पहिल्या काही टाक्या थोडं चालवायचं, बंद करायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं. बंद केल्यावर पिस्टन खाली राहील असं फ्लायव्हील फिरवून ठेवा, म्हणजे गार होताना स्लीव्ह त्याच्यावर आवळली जात नाही. पिस्टन कुठे आहे ते कळायला फ्लायव्हीलवर मार्करची एक खूण पुरते.